बारमाही शब्दाचा अर्थ

"बॉर्डर म्हणजे सीमा," काका चष्मा पुसत म्हणाले. "पण सीमा म्हटलं की तिथे जवान उभे राहतात, फुलं नाही. किनार म्हणावं तर समुद्र डोळ्यांपुढे येतो. तू काय म्हणशील?"

"मी काही म्हणणार नाही," काकू म्हणाल्या. "फाटकापासून पायरीपर्यंत हातभर रुंदीची जी माती रिकामी पडलीय ना, तिथे मला फुलं हवीत. काठ म्हणा आणि पुढे वाचा."

जेवणाच्या टेबलावर रोपवाटिकेचं जाडजूड माहितीपत्रक उघडं होतं. ते इंग्रजीत होतं, म्हणून काका मधे आले होते. एरवी घरात काही निवडायचं असलं की काकांना कोणी विचारत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी पडद्यांसाठी एक रंग निवडला होता. त्याचं छापील नाव 'पहाटेचं धुकं' असं होतं आणि नावातल्या अनुस्वारावर काका भाळले होते. पडदे लागल्यावर पहिल्या पाहुण्यानं हळू आवाजात विचारलं, "इथे कोणाला दाखल केलंय?" त्यानंतर भांडी, भिंती, चादरी, जावई, यांतलं काहीही निवडण्यात काकांचा हात नव्हता.

उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. गल्लीत त्यांना ऱ्हस्वदीर्घ काका म्हणत, कारण कोपऱ्यावरच्या 'येथे गाडि लावू नये' या पाटीवरची वेलांटी त्यांनी स्वतः खडूनं दुरुस्त केली होती. गाड्या मग बिनचूक पाटीखाली लागत.

आज मात्र काकूंनी आपण होऊन म्हटलं होतं, "फुलं तुम्हीच निवडा. वाचायचं काम आहे, ते तुम्हाला येतं." काका इतके हरखले होते की त्यांनी तीन शब्दकोश काढून ठेवले होते.

"ब्लीडिंग हार्ट," त्यांनी सुरुवात केली. "भळभळतं काळीज."

"दाराशी? नको बाई. पुढचं."

"रेड हॉट पोकर. तापलेली लाल सळई."

"पोस्टमन यायचा बंद होईल. पुढचं."

"डे लिली. एकदिवसीय कमलिनी."

"एका दिवसाची? मग वन्संना काय, मुहूर्त कळवून बोलवायचं? पुढचं, पुढचं."

वन्सं, म्हणजे काकांची थोरली बहीण, अक्का. खरं तर या सगळ्याची मुळं अक्कांच्या अंगणात होती. गेल्या थंडीत काका-काकू त्यांच्याकडे गेले, तर सगळ्या गावाची झाडं झडलेली आणि अक्कांच्या पायरीशी मात्र फुलांची रांग, जणू आत्ताच आंघोळ करून उभी. "इथूनच बघा हं," अक्का पायरीवरून म्हणाल्या होत्या. "माती ओली आहे, पाय रुततील. अगं, फुलं माणूस ओळखतात. सगळ्यांच्याच हाताला येत नाहीत, तू वाईट वाटून घेऊ नकोस." निघताना काकू विसरलेली पिशवी आणायला एकट्या मागे गेल्या होत्या आणि परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काकांना वाटलं, डोळा लागला असेल. पण डोळे तर सताड उघडे होते.

"कोनफ्लॉवर," काका वाचत होते. "शंकुपुष्प. गुलाबी पाकळ्या, मधे काटेरी बोंड. हे हार्डी आहे म्हणतात." इथे ते थांबले. "हार्डीला काय म्हणावं? दणकट? फुलाला दणकट शोभत नाही. राकट? तो मिशीवाला वाटतो. काटक... काटक बरं आहे, पण त्यात थोडं उपाशी असल्यासारखं वाटतं. चिवट!"

"चिवट म्हणजे काय ते सांगा."

"ऊन असो, वारा असो, हटत नाही. कोणी लक्ष दिलं नाही तरी मरत नाही."

"वन्संसारखं," काकू म्हणाल्या. "चालेल. आणखी?"

"आणि पेरेनियल. बारमाही."

या एका शब्दावर काका अडखळले नाहीत. ज्या माणसानं जन्मभर स्वतःच्या सहीवरही शंका घेतली, त्यानं नेमकी इथेच घेतली नाही. शब्दकोशात पहिला अर्थ तोच होता. तो नदीचा होता, एवढं फक्त त्यांनी पाहिलं नाही.

"म्हणजे बाराही महिने फुलं?" काकूंनी विचारलं.

"शब्दच सांगतोय," काका म्हणाले.

रोपं आली ती फुलांसकटच आली. काकांनी फाटकापासून पायरीपर्यंत ती ओळीत लावली, मधली अंतरं शब्दांमधल्या अंतरासारखी सारखी ठेवून. काठ असा काही फुलला की जाणारे-येणारे थबकू लागले. समोरच्या घरातले मॅनेजरसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले आणि कुठल्याही गोष्टीला तारण मागणारे, फाटकाशी येऊन म्हणाले, "बारमाही? नक्की?"

"नक्की," काका म्हणाले. हा शब्द आयुष्यात फारसा वापरलेला नसल्यामुळे तो तोंडात गोड लागला. मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तीच रोपं आणली.

त्या संध्याकाळी काकूंनी अक्कांना फोन केला. काका आतल्या खोलीत पुस्तक उलटं धरून ऐकत होते.

"हो वन्सं, फुललाय काठ. चिवट आहेत, बारमाही. नाही नाही, मी नाही. यांनी निवडलीत."

'यांनी निवडलीत' हे दोन शब्द काकांनी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचले. एकही चूक सापडली नाही.

"थंडीत या ना बघायला," काकू फोनवर म्हणत होत्या. "म्हणजे तुमचीही खात्री पटेल."

थंडी आली. आधी पाकळ्या गेल्या, मग पानं काळवंडली, आणि एका सकाळी काका दार उघडून पाहतात तो फाटकापासून पायरीपर्यंत वाळक्या काड्या. समोर मॅनेजरसाहेबांकडेही काड्याच.

काकांनी माहितीपत्रक काढलं, चष्म्यावर भिंग धरलं आणि सगळ्यात बारीक टाइपातली ओळ वाचली. हे झाड वर्षानुवर्षं जगतं. दरसाल काही आठवडे फुलतं. थंडीत जमिनीवरचा भाग मरतो, मुळं झोपतात. म्हणजे बारमाही होतं ते झाड, फुलं नव्हे. आणि त्यातलेही बरेच महिने ते मातीखाली घोरत पडणार.

काकू पाण्याची झारी घेऊन काड्यांना पाणी घालत होत्या.

"पाणी कमी पडलं का हो?"

आता सांगावं, असं काकांनी ठरवलं. वाक्यही जुळवलं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना 'पहाटेचं धुकं' आठवलं. आज हे सांगितलं की यापुढे मरेपर्यंत आपल्याला साबणसुद्धा निवडायला मिळणार नाही.

"विश्रांती घेताहेत," ते म्हणाले.

"वन्सं येईपर्यंत उठतील ना? येत्या आठवड्यात येतायत."

"उठतील," काका म्हणाले, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांना लगेच खोकला आला.

अक्का यायच्या दिवशी उजाडताच काका फिरायला म्हणून निघाले ते थेट बाजारातल्या फुलवाल्याकडे. शंकुपुष्पं नव्हती, पण त्याच्या जवळपास जाणारी गुलाबी फुलं होती. घरी येऊन त्यांनी एकेका वाळक्या काडीशेजारी एकेक फूल मातीत खोचलं आणि लांबून मुद्रित तपासल्यासारखं पाहिलं. दोन फुलं ओळीबाहेर गेली होती, ती आत घेतली.

काकू दार उघडून बाहेर आल्या. फुलांकडे पाहिलं, मग काकांच्या मातीनं भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"उठली वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

अक्का दोन मोठ्या पिशव्यांसह टॅक्सीतून उतरल्या. "बंड्या!" त्यांनी फाटकातूनच हाक मारली. आयुष्यात एकदाही बंड न केलेल्या काकांचं हे घरातलं नाव. त्या दोन पावलं काठाकडे वळल्या मात्र, काका आडवे आले.

"अक्का, लांबूनच बघ हं. माती ओली आहे, पाय रुततील."

अक्का जागच्या जागी थांबल्या. त्यांनी भावाकडे असं पाहिलं, जसं एखाद्यानं आपलाच हरवलेला रुमाल दुसऱ्याच्या खिशात पाहावा.

"माती ओली आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "अस्सं. छानच आहेत हो फुलं. बारमाही ना?"

"बारमाही," काका म्हणाले.

"मग उद्या परत जायची काय घाई आहे? राहते की आठवडाभर. बघू तरी, रोज कशी फुलतात ती."

तो आठवडा काकांना जड गेला. उन्हं वर आली की फुलं माना टाकत, आणि काका अक्कांना काही ना काही वाचून दाखवायच्या निमित्तानं मागच्या खोलीत बसवून ठेवत. रोज सकाळी नवी फुलं लागत. फुलवाला चौकस होता.

"आजोबा, रोज एवढी फुलं? कोणासाठी?"

"घरी... बरं नाहीय."

"कोणाला?"

खोटं पटकन सुचेना, म्हणून काका म्हणाले, "सगळ्यांनाच."

दुसऱ्या दिवशी फुलवाल्यानं विचारलं, "आज कसं काय?"

"पार वाळून गेलीत," काका खरं तेच म्हणाले.

"अरेरे. डॉक्टर काय म्हणतात?"

"झोपलीत म्हणतात."

फुलवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली.

त्या दिवशी गुलाबी फुलं संपली होती, पिवळीच मिळाली. अक्का चहाचा कप घेऊन पायरीवर आल्या.

"बंड्या, काल ही गुलाबी होती ना रे?"

"थंडीनं... रंग उतरतो."

"उतरून पिवळा होतो?"

"वन्सं," काकू आतून म्हणाल्या, "काविळीत माणूस नाही का होत?"

हे उत्तर काकांना फार आवडलं. बायको आपल्या निवडीवर इतका विश्वास ठेवतेय हे पाहून त्यांना आणखीच अपराधी वाटलं.

तेवढ्यात समोरून मॅनेजरसाहेब आले आणि फाटकाशी उभे राहून मोठ्या आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय? एकच रोपवाटिका, एकच जात, एकच गल्ली. माझ्या सगळ्या काड्या झाल्या आणि तुमच्याकडे ही बहार? तुम्ही काय घालता यांना?"

अक्कांनी कप खाली ठेवला. कान टवकारले. काका घामाघूम झाले. खत म्हणावं तर कुठलं, औषध म्हणावं तर नाव काय? शेवटी जे त्यांना येत होतं तेच तोंडातून निघालं.

"मी... वाचून दाखवतो."

"काय?"

"रोज सकाळी. पंधरावीस ओळी. स्पष्ट उच्चारात."

मॅनेजरसाहेबांनी खिशातून पेन काढलं. "कुठलं पुस्तक?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं त्याचं. जे मनापासून येत असेल ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जागी झाली ती मॅनेजरसाहेबांच्या आवाजानं. स्वेटर, मफलर, कानटोपी अशा जामानिम्यात ते खुर्ची टाकून काड्यांसमोर बसले होते आणि खणखणीत वाचत होते, "मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास ठेवीदारास खालीलप्रमाणे..." दूधवाला सायकल थांबवून ऐकत होता.

त्यांना चुकवून काका बाजारात पोचले, तर फुलवाल्याचं दुकान बंद. दारावर कागद, 'आज दुकान बंद. तसदिबद्दल क्षमस्व.' तशातही काकांनी खिशातली पेन्सिल काढून 'दि' दीर्घ केला, आणि मग रिकाम्या हातानं घराकडे वळले. वाटभर त्यांनी कबुलीजवाबाचा मसुदा केला. 'माझ्या हातून अनवधानानं' अशी सुरुवात करावी की 'अर्थनिर्णयातील दोषामुळे' अशी, यावर ते कोपऱ्यापर्यंत अडले.

फाटकाशी आले आणि खिळून राहिले.

काठ फुलला होता. ताजी, टवटवीत, गुलाबी फुलं, फाटकापासून पायरीपर्यंत. त्यांनी खिसे तपासले. आपण आज आधीच येऊन, लावून, विसरून पुन्हा गेलो होतो का? या वयात काय सांगावं! समोरून आवाज येत होता, "...परंतु ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत अर्धा टक्का अधिक..." क्षणभर काकांना वाटलं, त्याचाच गुण रस्ता ओलांडून आला की काय.

त्या फुलांनी त्या दिवशी माना टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तरी काका, धास्ती म्हणून, फुलवाल्याकडे गेले. तो दार उघडून वाटच पाहत होता.

"काल नेमकं बंद ठेवावं लागलं हो आजोबा. मनाला फार लागून राहिलं." त्यानं आतून एक भलं मोठं, वाटोळं पुष्पचक्र आणलं. "हे माझ्याकडून. मध्ये नाव काय घालू तेवढं सांगा."

काका पळत सुटले. फुलवाल्याला त्यांचं दुःख समजलं.

अखेर अक्का निघाल्या. टॅक्सी दाराशी उभी राहिली. काकू फराळाचा डबा घेऊन पायरीवर आल्या आणि काकांनी आठवडाभर धरलेला श्वास सोडायला तोंड उघडलं, तोच अक्का म्हणाल्या, "अगं, एक रोप देतेस का मला? मुळासकट. माझ्याकडे लावीन म्हणते."

"घ्या ना," काकू म्हणाल्या. "हवं ते घ्या."

"अक्का, नको!" काका ओरडले. "त्यांना... मधेच उठवू नये!"

पण अक्का वाकल्या होत्याच. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. जन्मभर आपल्याकडून पेन्सिली पळवताना हेच हसू असायचं, हे काकांना आठवलं. देठ पकडून त्यांनी फूल ओढलं.

फुलाबरोबर बटाटा वर आला.

चांगला मूठभर बटाटा. त्याला मधोमध भोक, भोकात तिरपा कापलेला देठ, देठावर टवटवीत फूल. काका बघतच राहिले. त्यांनी बटाटा लावला नव्हता. शंकुपुष्प कंदमुळात मोडतं असं कुठल्याही कोशात नव्हतं.

अक्कांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र पार मावळलं होतं. त्यांनी बटाट्याकडे पाहिलं. मग पायरीवर डबा घेऊन उभ्या असलेल्या भावजयीकडे पाहिलं. भावजय शांतपणे डब्याचं झाकण घट्ट करत होती.

"मुळं फार घट्ट धरलीत का हो वन्सं?" काकूंनी विचारलं.

"फारच," अक्का म्हणाल्या. त्यांनी बटाटा पुन्हा जागच्या जागी ठेवला, वर माती सारली, अंगठ्यानं दाबली. सराईत हात होता. "राहू दे. इथेच शोभतंय."

टॅक्सीत बसताना त्यांनी भावाला जवळ बोलावलं. "बंड्या," त्या कानाशी म्हणाल्या, "तुझी बायको चिवट आहे रे."

दुपारी जेवायला बटाट्याची भाजी होती. काकांनी एक फोड उचलली. तिला आरपार गोल भोक होतं. दुसरीलाही. काका ताटाकडे बघत राहिले आणि हळूहळू, एकेक अक्षर जुळत जावं तसं, त्यांच्या ध्यानात आलं.

"त्या दिवशी तू लावलीस?"

"तुम्ही फिरायला गेलात आणि मी मागच्या दारानं. टेकडीपलीकडे आणखी एक फुलवाला आहे, तो उगाच चौकशा करत नाही." काकूंनी आणखी भाजी वाढली. "नुसती मातीत खोचली की दुपारी मरतात. बटाट्यातली टिकतात."

"तुला कसं ठाऊक?"

"वन्संकडे पिशवी आणायला मागे गेले होते ना, तेव्हा म्हटलं, रुतू देत पाय. एक उपटून पाहिलं."

काकांचा घास हातातच राहिला. "तिची पण? मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलून काय करू? मला त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. मला खरी लावून दाखवायची होती." काकू जरा थांबल्या. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं निवडायला. म्हटलं, यांना काही येवो न येवो, हे खोटं कधी निवडणार नाहीत."

काकांनी मान खाली घातली. भोकं पडलेली भाजी त्यांनी निमूटपणे संपवली. मग उठून त्यांनी माहितीपत्रक काढलं, समासात स्वतः लिहिलेला 'बारमाही' हा शब्द एका सरळ रेघेनं खोडला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'परत येणारी'. लिहून झाल्यावर त्याच्यापुढे, सवयीनं, प्रश्नचिन्ह काढलं.

थंडी ओसरली. मॅनेजरसाहेबांचं वाचन कर्जविभागापर्यंत आलं होतं. एका सकाळी ते पुस्तक तसंच हातात घेऊन रस्ता ओलांडत धावत आले. "आली! ठेवींना दाद देत नव्हती, कर्जाला लगेच डोकं वर काढलं!"

काका चपला न घालताच बाहेर आले. त्यांच्या काठावरही, वाळक्या काड्यांच्या बुडाशी, मातीतून हिरवे कोंब निघाले होते. एक नव्हे, एकाचे चार चार झाले होते. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, खाली वाकल्या आणि एका कोंबाला धरून त्यांनी तो खसकन ओढला.

"अगं, अगं, हे खरे आहेत!"

उशीर झाला होता. कोंब काकूंच्या हातात होता, आणि त्याच्याखाली पांढरी, लांबलचक, माती धरून बसलेली मुळं लोंबत होती. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली. बटाटा नव्हता.

त्या तशाच घरात गेल्या. एका हातात मुळांसकट रोप, मातीचे कण फरशीवर पडतायत, दुसऱ्या हातानं फोन लावला.

"वन्सं? मी बोलतेय. तुम्ही रोप मागितलं होतं ना? पाठवते. हो, मुळासकट."

उत्तराची काकूंना घाई नव्हती. त्यांनी फोन छातीशी धरला आणि दारात उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं.

"अहो, पडदे जुने झालेत. रंग कुठला घ्यायचा?"

काकांचा हात आपसूक शब्दकोशाकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला, आणि डोळे बारीक करून नुसतंच खिडकीकडे बघायला लागले.